पाटीच्या अगोदर



दसऱ्याच्या दिवशीं आपल्याकडे घरोघरीं पाटीपूजन होतें. पाटीवर सरस्वती काढतात, तिला हळदकुंकू व फुलें वाहतात, आणि घरांत चारपांच वर्षांचें मूल असलें म्हणजे वडील माणसें त्याचा हात आपल्या हातांत धरून त्या पाटीवर 'श्री' काढवून घेतात. पूर्वीच्या पंतोजींच्या शाळेंत हाच आरंभ 'ओनामासीधं'नें होत असे. धुळपाटीवर बोटानें अक्षर गिरवावयाचें, पुसावयाचें आणि पुन्हां गिरवावयाचें. सोहळा गोड आहे, आणि तो चालूं राहावा असेंच कोणीही म्हणेल. परंतु त्याच्या पायीं सुशिक्षित घरांतही एक समजूत पक्की होऊन बसली आहे. ती ही कीं, ज्या दिवशीं मुलाच्या हातांत पेन्सिल येते तो त्याच्या साक्षरतेचा पहिला दिवस. आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे तें या पहिल्या दिवसाच्या अगोदरच्या दोनतीन वर्षांविषयीं. आणि तेंही केवळ आपल्या घरांतल्या मुलाविषयीं नव्हे, तर ज्या घरांत पाटीपूजनाला पाटीच नसते त्या घरांतल्या मुलाविषयीं.

वाचणें म्हणजे नेमकें काय, याचा क्षणभर विचार करूं. 'कमळ' हा शब्द पाहून मुलानें क, म, ळ असे तीन उच्चार केले म्हणजे तें वाचूं लागलें असें होत नाहीं. ते सुटे उच्चार जोडून त्यांतून ओळखीचा शब्द त्याच्या कानीं पडला पाहिजे, आणि त्या शब्दासरसें तळ्यांतलें फूल डोळ्यांपुढें उभें राहिलें पाहिजे. ज्यानें तो शब्द कधीं ऐकलाच नाहीं, त्यानें तिन्ही अक्षरें बिनचूक म्हटलीं तरी त्याच्या पदरीं अर्थ पडत नाहीं. तेव्हां वाचनाची निम्मी तयारी डोळ्यांची नसून कानांची व जिभेची आहे. चिऊकाऊची गोष्ट शंभरदां ऐकणारें, प्रत्येक वेळीं 'मग?' म्हणून विचारणारें, आणि आजीनें एखादा तपशील गाळला तर तिला थांबवून दुरुस्त करणारें मूल खरोखर अभ्यासच करीत असतें. गोष्टीला आरंभ असतो, शेवट असतो, एकामुळें दुसरें घडतें, हें त्याला तेथेंच उमगतें. पुढें चौथ्या इयत्तेंत इतिहासाचा धडा समजावयाचा तो याच पुंजीवर.

आपल्या लिपीची गोष्ट आणखी थोडी निराळी आहे. देवनागरींत एकेक अक्षर म्हणजे बहुधा व्यंजन आणि स्वर मिळून झालेला एक घटक. बोलतांना लहान मूल शब्दाचे तुकडे पुष्कळ वेळां तसेच पाडतें. 'पाटी'चे पा आणि टी हे दोन भाग टाळ्या वाजवून दाखवावयाला त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. ही आपली सोय. अडचण आहे ती पुढें. चौतीस व्यंजनें आणि प्रत्येकाचीं बाराखडींतलीं बारा रूपें एवढेंच धरलें तरी ४०८ आकृति होतात, आणि जोडाक्षरें त्यांहून वेगळीं. त्यांतही पहिली वेलांटी उच्चारांत मागून येते आणि लिहितांना अगोदर काढावी लागते. हा उलटा व्यवहार मोठ्यांच्या ध्यानांतही येत नाहीं, पण पांच वर्षांचें मूल त्यावर अडखळतें आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतों. एवढें सारें एका वर्षांत घोकून घेणें शक्य नाहीं. शक्य आहे तें हें कीं, आकृति समोर येण्यापूर्वीं मुलाचा कान तयार असावा. कोणता शब्द कोणत्या अक्षरानें सुरू होतो, कोणता कोणत्या अक्षरावर संपतो, हें त्याला ऐकतांक्षणीं कळावें. आगगाडींत वेळ घालविण्यासाठीं आपण ज्या गाण्याच्या भेंड्या लावतों, त्या याच कामाचा उत्तम वर्ग आहेत. शिक्षणशास्त्राचे ग्रंथ ज्या गोष्टीला ध्वनींची जाण म्हणतात, ती आपल्या बायकामुलांनीं खेळ म्हणून कित्येक वर्षें जोपासली आहे.

तिसरी तयारी कागदाची. पुस्तक सुलटें कसें धरावें, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, चित्राखालच्या काळ्या खुणा बोलतात, आणि आज आईनें जे शब्द वाचले तेच ती उद्यांही वाचील, या गोष्टी आपल्या मुलांना आपण कधीं शिकविल्या? शिकविल्या नाहींत. त्यांनीं त्या पाहिल्या. आजोबा वर्तमानपत्र उघडून बसतात, आई वाण्याची यादी करते, भिंतीवर दिनदर्शिका असते आणि तिच्यावर दुधाचा हिशेब मांडलेला असतो. मूल रेघोट्या ओढून 'मी पत्र लिहिलें' म्हणतें, त्या क्षणीं लिहिणें म्हणजे कांहींतरी सांगणें हें त्याला समजलेलें असतें. अक्षर वळणदार होण्यापेक्षां हें समजणें कितीतरी मोठें.

आतां दुसरें घर पहा. तेथें छापील कागद येतो तो पुडीच्या रूपानें, आणि पुडी सोडली कीं चुलींत जातो. आईबाप उजाडतां कामावर जातात. मोबाइल त्या घरींही पोंचला आहे. परंतु त्यावर चित्रें धांवतात, आणि धांवतें चित्र मुलाला प्रश्न विचारीत नाहीं कीं उत्तराची वाट पाहात नाहीं. या घरांत भाषा नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. जात्यावरच्या ओव्या, कोडीं, अंगाया, देवादिकांच्या कहाण्या या घरांनींच सांभाळल्या. झाडांचीं, पांखरांचीं, माशांचीं जेवढीं नांवें डहाणूकडच्या वारली मुलाला येतात, तेवढीं दादरच्या मुलाच्या बापालाही येत नसतील. उणें आहे तें भाषेचें नव्हे. भाषा आणि छापील खूण यांच्यामधल्या पुलाचें. सहाव्या वर्षीं हें मूल पहिलींत येऊन बसतें. पुस्तक आणि शिक्षक दोघेही गृहीत धरतात कीं पूल बांधलेला आहे. मूल गप्प राहतें, मागें पडतें, आणि गुरें राखणें किंवा धाकट्या भावाला सांभाळणें या कामांत आपली अडचण कोणाला होत नाहीं, हें ध्यानीं येऊन एक दिवस शाळेंत येईनासें होतें.

हा पूल एकट्या शाळेला बांधतां येत नाहीं, कारण शाळा सुरू होण्यापूर्वींच तो हवा असतो. एकट्या घराला येत नाहीं, कारण घरापाशीं साहित्य नाहीं आणि सवडही नाहीं. घर, वस्ती, एखादी संस्था आणि सरकार या चौघांनीं हात लावल्याशिवाय तो उभा राहात नाहीं.

ही कल्पना नवी नाहीं. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें, त्याचें मूळ मोठें गमतीचें आहे. तेथील पडक्या चाळी दुरुस्त करणाऱ्या मंडळीची तक्रार अशी होती कीं, आईबाप कामावर गेले म्हणजे मागें राहिलेलीं मुलें जिने आणि भिंती विद्रूप करतात. मुलें एका खोलींत सांभाळलीं तर भिंतींच्या दुरुस्तीचा खर्च वांचेल आणि त्यांतच बाईंचा पगार भागेल, असा त्यांचा रोखठोक हिशेब. परंतु माँटेसरीबाईंनीं त्या व्यवहाराला वेगळें वळण दिलें. शिक्षिकेनें त्याच इमारतींत राहावें, आयांनीं मुलांना स्वच्छ करून वेळेवर आणावें आणि आठवड्यांतून एकदां तरी शिक्षिकेशीं येऊन बोलावें, असे नियमच तेथें लावले होते. खरखरीत कागदाचीं कापलेलीं अक्षरें बोटांनीं चांचपून शिकण्याची त्यांची रीत आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे. आईशीं केलेल्या त्या कराराचा मात्र आपल्याला विसर पडला.

आपल्या देशांत ही पद्धति रुजविली ती भावनगरच्या दक्षिणामूर्ति संस्थेंत. वकिली सोडून मुलांत रमलेले गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं तेथें बालमंदिर काढलें, आणि १९२३ मध्यें ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ निघाला. त्या संघाच्या शिक्षणपत्रिकेनें गुजराती व मराठी घरांत बालशिक्षणाची गोडी लावली. १९३६ मध्यें ताराबाई मुंबईस आल्या आणि दादरला त्यांनीं शिशुविहार सुरू केला. येथवर सारें ठीक. पण हें सारें होतें शहरांतलें, आणि शहरांतही ज्यांना फी देणें परवडे अशांचें. हें शल्य ताराबाईंना होतें, म्हणूनच १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या सर्व सोडून समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गेल्या. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षीं लग्न, लगोलग वैधव्य, मग नोकरी करून रात्रशाळेंत मॅट्रिक. असें हें पस्तीस वर्षांचें खडतर आयुष्य त्यांनीं मागें टाकलें होतें. त्याच वर्षीं त्याच भागांत गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता, हेंही येथें लक्षांत ठेवावें. ज्यांच्या मुलांसाठीं बालवाडी निघाली, ते आईबाप त्या वेळीं स्वतःच्या देहाची मालकी मागत होते.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र निघालें. जागा होती, साहित्य होतें, शिकविणाऱ्या दोघी होत्या. आणि ज्यांच्यासाठीं हें सारें, तीं मुलें येत नव्हतीं. आपल्यासारख्या सुशिक्षित माणसाच्या तोंडून येथें हमखास वाक्य निघतें: 'या लोकांना शिक्षणाचें महत्त्वच नाहीं.' या दोघींनीं तें वाक्य उच्चारलें नाहीं. त्या कारणें शोधीत वस्त्यांवर गेल्या. चार वर्षांच्या मुलाला मैलभर चालत आणावयाला घरीं कोणी नाहीं. अंगावर कपडा नाहीं. गांवकुसाबाहेरच्या मुलांना गांवांत यावयाचीच भीति. तेव्हां त्यांनीं सरळ निर्णय घेतला: मुलें शाळेकडे येत नाहींत, तर शाळेनें मुलांच्या अंगणांत जावें. त्या वस्तींतल्याच एका घराचें अंगण झाडावें, सारवावें, मुलांना न्हाऊंमाखूं घालावें, केंस विंचरावे, आणि मग गाणें, गोष्ट, खेळ. आज सरकारी दफ्तरांत आणि आपल्या बोलण्यांत जो 'अंगणवाडी' हा शब्द रुळला आहे, तो या अंगणांतून आला.

अंगणांत भरणाऱ्या वर्गाचा एक मोठा गुण असा कीं, त्याला भिंत नसते. पाणी भरतां भरतां आई तें पाहते, उंबऱ्याशीं बसलेली आजी ऐकते. हिला जें गाणें ठाऊक आहे तेंच बाई मुलांकडून म्हणवून घेताहेत, हें दिसलें कीं तिची भीड चेपते आणि ती दुसरें गाणें सांगूं लागते. येथें शिक्षण घरावर उपकार करीत नाहीं. घराकडून कांहीं घेतें, मग कांहीं देतें. साहित्याचेंही तसेंच. परदेशी माँटेसरी साहित्याची पेटी त्या काळीं चांगल्या संस्थांनाही जड जाई. या केंद्रांत मुलें चिंचोके, सागरगोटे, शंखशिंपले, पानें, काटक्या आणि माती यांवर शिकलीं. मोठेंलहान लावणें, सारखें सारख्याशीं जुळविणें, रेषेवर चिंचोके मांडणें, बोटानें मातींत वळणें काढणें, ही सारी अक्षराची पूर्वतयारी. आणि तिला पैसा लागत नाहीं. वारली बायका तर तांदळाच्या पिठानें कुडाच्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहितात. 'काढतात' न म्हणतां 'लिहितात' म्हणण्याची तिकडची पद्धत आहे. ज्या समाजांत भिंतीवर कथा लिहिली जाते, त्याला निरक्षर म्हणतांना जीभ थोडी अडखळावी.

पुढें दहाबारा वर्षांनीं हें केंद्र जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें आणि तेथें तें खऱ्या अर्थानें फोफावलें. तेथें एक नवें कोडें पुढें आलें. आठ वर्षांची मुलगी प्राथमिक शाळेंत कां येत नाहीं? कारण तिच्या कडेवर वर्षाचें भावंड असतें. मग भावंडासाठीं पाळणाघर, त्याहून मोठ्यांसाठीं बालवाडी आणि ताईसाठीं शाळा, अशीं तिन्ही एका आवारांत आणलीं. तिला विकासवाडी असें नांव दिलें. पाळणा हललाच नसता तर ताईची पाटी भरली नसती, एवढी साधी ही सांखळी आहे. जीं मुलें गुरें घेऊन रानांत जात, त्यांच्यासाठीं कुरणशाळा काढली. गुरें चरत, आणि त्यांच्या शेजारीं वर्ग भरे. गांवांतल्याच थोडक्या शिकलेल्या स्त्रियांना बालसेविका म्हणून तयार केलें. मुलाशीं प्रथम त्याच्या घरच्या बोलींत बोलावें आणि तेथून हळूहळू पुस्तकी मराठीकडे न्यावें, हें तेथें ओघानेंच आलें. वारली, कोरकू, गोंडी, भिली बोलणाऱ्या मुलाला आपली प्रमाण मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते, हें आपण पुण्यामुंबईस सहज विसरतों.

ताराबाई १९७३ सालीं वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारनें एकात्मिक बाल विकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि अंगणवाडी देशभर झाली. आज देशांत सुमारे १४ लाख अंगणवाड्या मंजूर आहेत, आणि एकट्या महाराष्ट्रांत त्यांची संख्या लाखावर जाते. जगांत इतका विस्तार असलेलें असें काम क्वचितच असेल. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य-तपासणी, गरज पडल्यास दवाखान्याकडे रवानगी, स्त्रियांना आहार व आरोग्याचें शिक्षण आणि बालकांचें शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तीमध्यें ठरल्या आहेत. अडचण अशी कीं, वजनाचा कांटा आणि आहाराची नोंदवही यांचा जाब वरून विचारला जातो; गोष्ट सांगितली कीं नाहीं, याचा जाब कोणी विचारीत नाहीं. त्यामुळें सहांपैकीं शिक्षणाचीच सेवा पुष्कळ ठिकाणीं पाठीमागें राहिली. २०२३ सालीं सरकारनेंच 'पोषण भी, पढाई भी' असें म्हणावयास सुरुवात केली, ही त्या उणीवेची एक प्रकारें कबुलीच होय.

कायद्याची बाजूही जाणून घेण्यासारखी आहे. १९५० सालीं आपली घटना अमलांत आली तेव्हां तिच्या ४५ व्या कलमांत चौदा वर्षें पुरीं होईपर्यंतच्या सर्व बालकांच्या शिक्षणाचा संकल्प होता. त्याला खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीनें शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांपुरता. सहाच्या आंतल्या मुलांसाठीं राज्यानें 'प्रयत्न करावा' एवढेंच उरलें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांतही त्यांच्यासाठीं सरकार व्यवस्था करूं शकेल, इतकीच भाषा आहे. पुढें २०२० च्या शैक्षणिक धोरणानें तीन ते आठ वर्षें हा एकच पायाभूत टप्पा मानला, हें स्वागतार्ह खरें. पण धोरण आणि हक्क यांत अंतर असतें. ज्याचा हक्क नाहीं, त्याच्यासाठीं शेजाऱ्यापाजाऱ्यांची कळकळ हीच मोठी आधाराची गोष्ट ठरते.

आणि सर्वांत मोठा आधार आहे ती अंगणवाडी सेविका. ती त्याच गांवची, त्याच वस्तींतली बाई असते. योजनेचें सारें मर्म तेथें आहे. परंतु तिला सरकार कर्मचारी म्हणत नाहीं, मानसेवी म्हणतें, आणि पगार देत नाहीं, मानधन देतें. तिला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळण्याचा हक्क आहे हें ठरावयाला २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय लागला. जिच्या हातांत आपण तीन वर्षांचें मूल सोंपवितों, तिच्या मानधनाविषयीं आपण इतके उदासीन कसे राहतों, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

शहरांतली तऱ्हा निराळी. तेथें अंगणच नाहीं. मुंबईंत १९९४-९५ च्या सुमारास माधव चव्हाण व फरीदा लांबे यांनीं 'प्रथम' ही संस्था महानगरपालिका, युनिसेफ आणि नागरिक यांच्या सहकार्यानें उभी केली, तेव्हां झोपडवस्तींत बालवाड्या काढण्यासाठीं इमारत बांधावयाची नाहीं, हा तिचा पहिला निश्चय होता. देवळाचा सभामंडप, मंडळाची खोली, कोणाची तरी राहती खोली, जें मिळेल तें वापरावें, आणि शिकविणारी मुलगी त्याच गल्लींतली असावी. खर्च कमी, म्हणून विस्तार जलद. गणेशोत्सव मंडळांच्या ज्या खोल्या वर्षांतून अकरा महिने कुलूपबंद असतात, त्यांच्या कार्यकर्त्यांनीं या उदाहरणाचा विचार करावा. सकाळचे तीन तास खोली उघडून देण्यास वर्गणी लागत नाहीं.

एक उदाहरण परदेशांतलें देतों, कारण तें आपल्याकडे फारसें कोणी हातीं घेतलेलें दिसत नाहीं. इंग्लंडांत बर्मिंगहॅम शहरीं १९९२ सालीं वाचनालय आणि आरोग्यखातें यांनीं मिळून सुमारे ३०० तान्ह्या मुलांच्या घरीं एकेक पुस्तक भेट दिलें. तें कोठें दिलें? बाळाच्या आरोग्य-तपासणीच्या वेळीं. आई बाळाला घेऊन जेथें हटकून येणारच, त्याच जागीं पुस्तक ठेवावें, ही त्यांतली खुबी. पुढें ती चळवळ त्या देशभर पसरली. आपल्याकडे तर लसीकरणाचा दिवस अंगणवाडींत ठरलेलाच असतो. त्या दिवशीं आरोग्यसेविकेनें लस द्यावी, आणि शेजारच्या सार्वजनिक वाचनालयाच्या माणसानें मुलाच्या हातांत चित्रांचें पुस्तक द्यावें. सुईनें रडणारें पोर शांत करावयालाही तें उपयोगीं पडेल. महाराष्ट्रांत १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गांवोगांव अनुदानित वाचनालयें आहेत. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणीं बालविभाग म्हणजे वरच्या फळीवरचें कपाट, आणि त्याची किल्ली चिटणीसांच्या खिशांत! पुस्तकें खराब होतील म्हणून मुलांना द्यावयाचीं नाहींत, हें तर्कशास्त्र पोहतां येईपर्यंत पाण्यांत उतरूं न देण्याच्या जातीचें आहे.

पुस्तकांची उणीव आतां पूर्वीइतकी राहिलेली नाहीं. १९५७ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टनें आणि २००४ पासून प्रथम बुक्सनें अल्प किंमतीचीं चित्रमय पुस्तकें मराठींत आणलीं. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका-चित्रकर्तीनें घरांतल्याच माणसांवर नि वस्तूंवर मुलांसाठीं सुरेख पुस्तकें केलीं. या वयासाठीं पुस्तक निवडतांना एवढेंच पाहावें: पानावर शब्द थोडे असावे, चित्रांत सांगण्यासारखें कांहीं घडत असावें, आणि तें घडणें मुलाच्या ओळखीचें असावें. शब्दांवांचूनचें चित्रपुस्तक तर ज्या आईला वाचतां येत नाहीं तिच्यासाठीं मोठेंच वरदान. ती चित्रावरून आपल्या बोलींत गोष्ट सांगते. मूल मध्येंच बोट ठेवून विचारतें. दोघांचेंही पुस्तकाशीं नातें जुळतें. आई निरक्षर आहे, म्हणून ती मुलाच्या वाचनांत भागीदार होऊं शकत नाहीं, हा भ्रम प्रथम आपल्या मनांतून काढून टाकावा.

इकडे आपल्या सुशिक्षित घरांतली तऱ्हा याच्या अगदीं उलट. येथें पुस्तकें आहेत, सवड आहे, आणि म्हणूनच कीं काय, घाईही आहे. अडीच वर्षांच्या मुलाला परक्या भाषेच्या शाळेंत घालावयाचें, साडेतीन वर्षांला त्याच्याकडून ओळीच्या ओळी गिरवून घ्यावयाच्या, आणि शेजारच्या मुलाला शंभरपर्यंत अंक येतात म्हणून रात्रीं झोंप घालवून बसावयाचें. पी हळद नि हो गोरी, असा हा प्रकार आहे. बोटांचे स्नायु ज्या वयांत धड तयार नसतात त्या वयांत पेन्सिल दाबून धरावयाला लावणें म्हणजे मुलाच्या मनांत अक्षराविषयीं वैर पेरणें होय. शिक्षणहक्क कायद्यानें प्रवेशासाठीं मुलाची वा पालकांची चांचणी घेण्यास मनाई केली आहे, पण आईबापांनीं घरींच चालविलेल्या चांचणीला कोणता कायदा मना करणार? त्याच वेळीं त्या मुलाशीं मायबोलींत निवांत गप्पा मारावयाला, त्याच्या विचारण्याला उत्तर द्यावयाला घरांत कोणाला फुरसत नसते. कोसबाडच्या अंगणांत जें विनामूल्य मिळे, तें येथें फी भरूनही मिळत नाहीं.

ज्या श्रोत्यांना आपल्या गल्लींत किंवा जवळच्या वस्तींत कांहीं करावेंसें वाटेल, त्यांना एकदोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. नवी बालवाडी काढण्यापूर्वीं जवळ अंगणवाडी आहे कां तें पाहावें, आणि असल्यास सेविकेला भेटून 'तुम्हांला काय हवें?' असें विचारावें. आपण ठरवून नेलेली मदत बहुधा तिच्या कामांत भर घालते. आठवड्यांतून एक ठराविक वार घेऊन गोष्ट सांगावयाला जावें आणि तो वार चुकवूं नये. लहान मूल वाट पाहातें, आणि त्याला सबबी कळत नाहींत. आयांची बैठक घ्यावयाची असेल तर ती आपल्या सोयीनें दुपारीं चारला न ठेवतां त्यांच्या सोयीनें, कामाहून परतल्यावर, ठेवावी, आणि त्यांना भाषण ऐकवूं नये. एखादें पुस्तक हातीं देऊन त्यांच्याकडूनच गोष्ट ऐकावी. मूल पुस्तक घरीं नेईल अशी व्यवस्था करावी. नोंदवही ठेवावी, पण दंड ठेवूं नये. दंडाच्या भीतीनें आई पुस्तक वर फडताळांत ठेवून देते आणि शनिवारीं तसेंच कोरें करकरीत परत करते. पुस्तकें फाटतील, मळतील, कांहींवर वरणाचे डाग पडतील. फाटलेल्या पानांना मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा पांढरा कागद लावून रात्रभर जड पाट ठेवावा. चारपांच वर्षांच्या मुलांना हें काम फार आवडतें आणि तें त्यांनाच करूं द्यावें.